दिवाळखोरीचे खापर बायांच्याच माथी का?

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात 7 मे 2026 रोजी सिटी कौन्सिलची, म्हणजे तिथल्या महापालिकेची निवडणूक आहे. जागा 101. आमच्या वस्तीतला एक मुलगा तिथे शिकतो. परवा फोनवर म्हणाला, "ताई, बायकांनी पगाराच्या केसेस केल्या म्हणून कौन्सिल बुडाली, असं इथे सगळे म्हणतात."

हे वाक्य आम्हाला नवे नाही. सफाई कामगार महिलेने किमान वेतन मागितले की आपल्याकडेही तिजोरी रिकामी होते. कंत्राटदाराचे बिल काढताना मात्र ती भरलेली असते. म्हणून आम्ही विचारतो, कौन्सिल बुडवली कोणी?

झाले असे की, कचरा उचलणे, रस्ते दुरुस्ती या पुरुषांच्या कामांना वर्षानुवर्षे बोनस मिळत होता. त्याच श्रेणीतल्या स्वयंपाकी, सफाई आणि रुग्णसेवा करणाऱ्या बायांना तो मिळत नव्हता. त्या न्यायालयात गेल्या. मुदत संपली म्हणून त्यांना दारातच अडवण्याचा प्रयत्न कौन्सिलने केला. 24 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 174 माजी कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्यात बहुसंख्य महिला होत्या. इतक्यावर शहाणे होऊन वेतनरचना सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही. 2023 मध्ये थकबाकीचा अंदाज 65 ते 76 कोटी पौंडांवर गेला आणि 5 सप्टेंबर 2023 रोजी कौन्सिलने कलम 114 ची नोटीस काढून हात वर केले.

ही थकबाकी म्हणजे बायांना दिलेली खैरात नव्हे. त्यांच्या घामाचे दाबून ठेवलेले पैसे आहेत. चोरीचा माल परत मागणाऱ्याला कोणी घर बुडवणारा म्हणते का? ओरॅकलच्या संगणक प्रणालीवरचा खर्च ठरलेल्या रकमेच्या कितीतरी पट झाला, लंडनच्या सरकारने वर्षानुवर्षे अनुदान कापले, त्याची चर्चा मात्र दबक्या आवाजात होते. आणि भुर्दंड कोणाला? 2024 मध्ये कौन्सिल टॅक्स जवळजवळ 10 टक्के वाढला, 2025 मध्ये आणखी साडेसात टक्के.

पुढचा डाव तर आणखी ओळखीचा आहे. समान वेतनाचे नवे दावे नकोत म्हणून कौन्सिलने कचरा गाड्यांवरचे एक पदच रद्द केले. काहींचे वर्षाला 8,000 पौंडांपर्यंत नुकसान होईल, असे युनाइट संघटना म्हणते. कौन्सिलला तो आकडा मान्य नाही. 11 मार्च 2025 पासून बेमुदत संप सुरू झाला आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले. म्हणजे बाईचा पगार वर नेण्याऐवजी पुरुषाचा खाली ओढायचा आणि त्याला सांगायचे, तुझे नुकसान तिच्यामुळे झाले! बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे बळ यातच आहे. खालचा माणूस वरच्याला जाब विचारत नाही, शेजारच्याचा राग करतो. बर्मिंगहॅममध्ये जात हे कारण नसेल, पण युक्ती तीच आहे.

संविधानाच्या अनुच्छेद 39(घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याच्या धोरणाचे तत्त्व आहे. ते मानणारा माणूस परदेशात गेला म्हणून तटस्थ राहू शकत नाही.

तिथल्या आपल्या बांधवांना आम्ही सांगतो, मत तुम्हालाही आहे. राष्ट्रकुल देशाचा नागरिक कायदेशीररीत्या तिथे राहत असेल तर स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो. मात्र मतदानाच्या बारा कामकाजी दिवस आधी नाव नोंदवलेले हवे. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागते, भारतीय पासपोर्ट चालतो. उमेदवार आपल्या देशाचा, आपल्या धर्माचा आहे का, हे विचारत बसू नका. दारात आला की एवढेच विचारा: "बायांचा पगार वर नेणार, की कामगाराचा खाली ओढणार?"

उत्तर ऐका, मगच मत द्या.

जय भीम!