रंग दाराला, ताप बॅटरीला

मागच्या अंकात आंब्याच्या लोणच्यावर लिहिलं, तर दोघा-तिघा भाच्यांचे फोन आले की मामा, आमच्या कामाचंही काहीतरी लिहा. घ्या तर, तुमच्याच कामाचं.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात शनवाऱ्याला केळीने भरलेल्या ट्रॉलीचा कोपरा आमच्या विजेच्या गाडीच्या उजव्या बाजूच्या मागच्या दाराला घासून गेला. दाराला वीतभर खड्डा पडला आणि त्यामागचा पत्राही थोडा खरवडला. ट्रॉलीवाला पोरसवदा होता, घाबरून रडायलाच लागला. त्याला काय बोलणार? मी गाडी सरळ आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. जुन्या पेट्रोलच्या गाडीला तीनदा रंग याच माणसाने दिलेला. त्याने खड्ड्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाबूजी, परसों ले जाना. भट्टी में डाल देंगे."

भट्टी म्हणजे रंग सुकवायची बंद खोली. हॅलोजनचे दिवे आणि गरम हवा. रंग मारला की गाडी आत, दार बंद. मी हो म्हणून घरी आलो.

संध्याकाळी मुलीचा फोन. ती पुण्याजवळ एका मोटारींच्या कारखान्यात रंगाच्या विभागात काम करते. मी सहज सांगितलं, तर एकदम म्हणाली, "बाबा, भट्टीत? बॅटरीसकट?"

मग तिने जे समजावलं ते मला आधी कधी सुचलंच नव्हतं. कारखान्यात गाडीच्या रिकाम्या सांगाड्याला रंग लागतो. पहिला थर पक्का करायला त्याला दीडशे अंशांच्या वरच्या भट्टीतून काढतात. तेव्हा त्यात ना सीट असते, ना वायर, ना बॅटरी. बॅटरी नंतर, जुळणीच्या वेळी खालून बसवतात. म्हणजे बॅटरीने जन्मात कधी भट्टी पाहिलेली नसते. दुरुस्तीत मात्र क्रम उलटा होतो. बॅटरी आधीच आत बसलेली, आणि रंग नंतर.

दुरुस्तीच्या भट्टीत तापमान कमी असतं, साधारण 60 ते 80 अंश, आणि गाडी आत अर्धा तास असते. पत्रा पातळ, तो चटकन तापतो. जमिनीलगतची दोन-तीन क्विंटलची बॅटरी सावकाश तापते. म्हणून एकदा अर्धा तास गाडी आत ठेवली तर लगेच काही पेटत नाही, हेही तिने सांगितलं. भीती वेगळीच आहे. गावातल्या भट्टीला तापमानाचा काटा नसतो, मिस्त्री जेवायला जातो, रंग नीट बसला नाही की गाडी पुन्हा आत. त्यात बाहेर आपल्याकडचं मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन. लिथियमच्या बॅटरीला एवढा वेळ उष्णता लागली की तिची ताकद कायमची घटते, आणि ती पूर्ण चार्ज असेल तर आणखी लवकर. बऱ्याच कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तिकेत 60 अंशांच्या आसपास मर्यादा दिलेली असते, किती मिनिटं तेही असतं. त्याहून जास्त लागणार असेल तर बॅटरी उतरवा म्हणतात. आपल्या गाडीची मर्यादा तिच्याच पुस्तिकेत बघायची. शेजाऱ्याच्या गाडीची चालत नाही.

"पण आपली बॅटरी आयपी 67 आहे ना?" मी विक्रेत्याकडून ऐकलेलं फेकलं. "बाबा, ते धूळ आणि पाण्यासाठी. उष्णतेशी त्याचा काही संबंध नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात हजर. मिस्त्री जरा दुखावलाच. तीस वर्षं रंग देतोय आणि हे बाबूजी आता शिकवणार! त्याचंही बरोबर. कोणी त्याला कधी सांगितलं होतं? मी मुलीला फोन लावून त्याच्या हातात दिला. "बेटी" म्हणत म्हणत तो वीस मिनिटं बोलला, आणि उपाय शेवटी त्यानेच काढला: दारच उतरवू.

दार उतरवलं की अर्धी चिंता तिथेच मिटते. खड्डा ओढायला वॉशर वेल्डिंग करतात, ते गाडीवर करावंच लागत नाही. गाडीवरच करायची वेळ आली असती, तर जास्त दाबाची वीज तोडायचा प्लग काढायला कंपनीचा शिकलेला माणूसच लागला असता. नारिंगी वायरला मिस्त्रीनेही हात लावायचा नाही आणि आपणही नाही. आम्ही गाडी बंद केली, किल्ली लांब ठेवली, 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीची ऋण तार सोडली, दहा मिनिटं थांबलो आणि मग दाराचा वायरचा जोड काढला. चार्जिंग मी आधीच चाळीस टक्क्यांवर आणून ठेवलं होतं. थिनरच्या वाफा असतात त्या जागी गाडी चार्जिंगला लावायची नाही, हे मुलीने दोनदा बजावलं होतं. दार एकटंच भट्टीत गेलं.

राहिला मागचा खरवडलेला पत्रा. तो काही उतरत नाही. तिथे मिस्त्रीने हवेत सुकणारा रंग मारला आणि एकच दिवा, तोही वरच्या बाजूला, थोडा थोडा वेळ दाखवला. पत्रा किती तापला ते बघायला त्याने मोठ्या ऐटीत करोनाच्या वेळची कपाळावर धरायची बंदूक काढली. तिने 'हाय' दाखवलं आणि गप्प बसली. ती माणसांच्या तापासाठीची, तिला पत्र्याचं काय कळणार! शेवटी एसी दुरुस्त करणाऱ्या पोराकडून खरी तापमापी आणली. पत्रा पन्नासच्या पुढे जाऊ दिला नाही.

परवाची गाडी सहाव्या दिवशी मिळाली. पैसे चौदाशे जास्त गेले, दार काढण्या-बसवण्याचे. मिस्त्री म्हणतो, आता विजेची गाडी आली की तो आधी चार्जिंग किती आहे ते विचारतो.

उन्हात नीट पाहिलं तर मागच्या पत्र्याचा पांढरा रंग किंचित वेगळा दिसतो. मला दिसला नव्हता. हिने फाटकातूनच ओळखला.