उनपदेवच्या कुंडावर आजीचा नंबर



२५ डिसेंबरचा मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम आटोपला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही सहकुटुंब पिंपळनेरहून निघालो. धुळे, अमळनेर करीत, तापीचा पूल ओलांडून चोपड्याला पोहोचलो. तिथे माझी थोरली बहीण दिलेली आहे. शाळेला जोडून सुट्टी आली होती आणि आमचे चिरंजीव दोन वर्षांपासून "पोहायला न्या, पोहायला न्या" म्हणून मागे लागले होते. पिंपळनेरला पांझरा आहे, वर लाटीपाड्याचे धरण आहे. पाण्याला तोटा नाही. पण पोहायला शिकवणारा आमच्या घरात कोणी नाही.

चोपडा तालुक्यात अडावदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून गरम पाणी पडते आणि कुंडात साठते. त्याच भागात सुनपदेव आणि नाझरदेव अशी गरम झऱ्यांची आणखी दोन ठिकाणे आहेत. उनपदेवला शरभंग ऋषींची आणि रामाच्या बाणाची कथा सांगतात. आपण काही नारळ फोडायला गेलो नव्हतो. पण देवाचे नाव आहे म्हणून जमिनीतून आलेल्या पाण्याकडे पाठ फिरवावी, हेही मला पटत नाही.

मुलीने पहिला प्रश्न केला, "पप्पा, खाली चूल कोणी पेटवली?" मी बी.कॉम. झालेला कारकून, पण निघण्यापूर्वी भूगोलाच्या गुरुजींना विचारून ठेवले होते. जमिनीत खोल जावे तशी उष्णता वाढते, एका किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आले की गरमच बाहेर पडते. ज्वालामुखी लागत नाही आणि बाणही लागत नाही.

बहिणीने भाच्याचा नायटा बरा होईल म्हणून त्यालाही बरोबर घेतले होते. मी तिला स्पष्ट सांगितले, ताई, नायट्याला डॉक्टरचे मलम लागते, आणि तो बरा होईपर्यंत पोराला दहाजणांच्या कुंडात उतरवू नकोस. ती थोडी रुसली. आईबापांसाठी आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कोमट, साचलेल्या पाण्यात मुलांना डोके बुडवू देऊ नका. अशा पाण्यात क्वचित एक अमिबा असतो, तो नाकावाटे मेंदूत जातो. २०२४ साली केरळात त्याने मुले दगावली. नाक पाण्याबाहेर ठेवून मनसोक्त डुंबावे. आणि गोमुखाच्या धारेखाली हात घालून पाहिल्याशिवाय लेकराला धरू नये.

मुले कुंडात उतरली, सौ. उतरल्या, मीही उतरलो. आई मात्र पायरीवर बसून राहिली. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, गरम पाण्याचा शेक तिलाच जास्त हवा होता. मी तीनदा बोलावले. ती म्हणे, "व्हऊ द्या त्यासनं. मी बठस आठे." 'त्यासनं' म्हणजे कुंडात जी इतर माणसे होती, त्यांचे.

तिच्या लहानपणी विहिरीवर घागर घेऊन लांब उभे राहावे लागे. सगळ्यांचे भरून झाले की कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. कायदा १९५५ सालीच झाला होता, पण तो विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागला. माझ्या वेळी नळ आला होता. पण गावची पोरे पोहायला शिकत ती शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. एकदा मीही डबा घेऊन गेलो. विहिरीच्या मालकाने शिवी दिली नाही, मारले नाही, फक्त म्हणाला, "तुम्ही नदीवर जा ना." नदीला उन्हाळ्यात घोट्याएवढे पाणी. ज्याच्या घरी विहीर नाही त्याला पोहणे येत नाही, आणि बापाला येत नाही म्हणून लेकाला येत नाही.

कुंडात एका बाईने माझ्या मुलीला गाव विचारले, मग आडनाव विचारले. आडनाव कशासाठी विचारतात ते आपल्याला माहीत आहे. मुलीने खणखणीत सांगितले आणि पाणी उडवायला लागली. बाई तिथेच होती, उठून गेली नाही. हेही लिहायला हवे.

मग मी आईशेजारी बसून मुलांना विनयपिटकातली गोष्ट सांगितली. राजगृहाला वैभार पर्वताखाली तपोदा नावाचे गरम पाण्याचे झरे आहेत, आजही वाहतात. बिंबिसार राजा तिथे स्नानाला आला, तर भिक्खू आंघोळ करत होते. राजा काठावर थांबून राहिला. भिक्खूंनी अंधार पाडला. राजाचे स्नान होईपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले आणि मगधाच्या राजाला रात्र वेशीबाहेर काढावी लागली. भगवंतांना हे कळले तेव्हा त्यांनी भिक्खूंचीच कानउघाडणी केली आणि पंधरवड्यातून एकदाच स्नानाचा नियम घातला. पुढे उन्हाळा, आजारपण, काम, प्रवास यांसाठी सवलत दिली.

मुलगा म्हणाला, "मग चवदार तळ्यावर का अडवलं?" आदल्या दिवशीचे भाषण त्याच्या डोक्यात होते. ते तळेही पावसाच्या पाण्यावर आणि नैसर्गिक झऱ्यांवर भरणारे, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून ते खुले केले, तरी २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. मी एवढेच सांगितले. आई मात्र अजून राजापाशीच होती. "राजा बी थांबना का?" तिने विचारले. थांबला, म्हटलं. ती लुगडे सावरून उठली, नातीचा हात धरला आणि एक-एक पायरी करत गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरली.

त्यानंतर ती बाहेर येईना. आम्ही रिक्षाने अडावदच्या स्टॅण्डवर आलो तेव्हा गाडी डोळ्यांदेखत गेली होती. दीड तास शेंगा खात बसलो. तापीच्या पाण्यात वाढलेला थोरला भाचा म्हणाला, "मामा, उन्हाळ्यात पाठवा याला, आमच्या ओळखीची विहीर आहे, आठ दिवसांत शिकवतो." मी म्हणालो, मीही रजा काढून येतो. तेव्हापासून चिरंजीवांची एकच चौकशी चालू आहे: पप्पांच्या वजनाला तेलाचे डबे किती लागतील, एक की दोन?