होळीच्या फराळात घरचं चॉकलेट आणि दाण्याचं लोणी

फाल्गुन लागला की घरोघरी एकच प्रश्न निघतो, यंदा होळीला काय करायचं? पुरणपोळी तर ठरलेलीच. पण रंग खेळून दारात येणाऱ्या मुलांच्या हातावर काय ठेवायचं? ताट मांडून बसायला त्यांना वेळ नसतो. बाजारातून मिठाई आणावी तर या दिवसांत खव्याला मागणी इतकी वाढते, की भेसळीच्या आणि शिळ्या खव्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. दुकानातली चॉकलेटं आणावीत तर चारपाच घरांची मुलं जमल्यावर खर्च बराच होतो. मग घरीच केली तर?

जबलपूरजवळच्या तिलवाऱ्याचं उदाहरण घेऊ. नागपूरहून निघालं की तिलवाऱ्याच्या पुलावर नर्मदा ओलांडावी लागते आणि मग जबलपूर येतं. नावातच तीळ असलेल्या या घाटावर मकरसंक्रांतीला मोठा मेळा भरतो. या भागाचं मराठी माणसाशी नातंही जुनं. 1817 पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. पुढे 1861 मध्ये मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर, आणि 1956 पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच राज्यात होती. म्हणून इथल्या मराठी स्वयंपाकघरात होळीला पुरणपोळीच्या शेजारी गुजियाही दिसते. अशा घरात संक्रांतीचे दाणे आणि तीळ डब्यात उरलेले असतातच. त्यांचंच सणाचं चॉकलेट करता येतं.

अडचण एकच, ऊन. मार्चच्या अखेरीस इथला दुपारचा पारा बहुधा पस्तिशी ओलांडतो आणि खरं चॉकलेट साधारण 34 अंशांना वितळायला लागतं. म्हणजे ताटलीत ठेवलेलं चॉकलेट जेवण होईपर्यंत मऊ पडणार. यावर उपाय आहे. पण त्यासाठी चॉकलेटचा स्वभाव थोडा समजून घ्यायला हवा.

गाठी आणि चॉकलेट

वसंतातल्या सणाला साच्यात घातलेला गोड पदार्थ आपल्याला नवा नाही. गुढीला बांधायची साखरेची गाठी साच्यात दोरा ठेवून, पाक ओतूनच करतात. विदर्भात होळीलाही मुलांच्या गळ्यात गाठी घालतात. पाश्चात्य देशांत याच सुमारास ईस्टर येतो आणि त्या वेळी चॉकलेटची अंडी वाटतात. इंग्लंडमध्ये फ्राय कंपनीने 1873 मध्ये अशी पोकळ अंडी काढली. अमेरिकेत हॅरी रीस यांनी 1928 मध्ये चॉकलेटच्या वाटीत दाण्याचं लोणी, म्हणजे पीनट बटर, भरून विकायला सुरुवात केली. त्याच जोडीची अंडी आज तिथे ईस्टरला अनेक घरांत करतात. खारट, खमंग दाणा आणि कडूगोड चॉकलेट यांची जोडी छान जमते.

गाठी आणि चॉकलेट यांत एक मोठा फरक आहे. साखरेचा पाक पाण्याशिवाय होत नाही. चॉकलेटला मात्र पाणी चालत नाही. चॉकलेट म्हणजे कोको आणि साखरेचे अतिशय बारीक कण स्निग्धात मिसळलेले असतात. त्यात पाण्याचा थेंब पडला तर साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि पातळ चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा होतो. म्हणून भांडं, चमचा, साचा आणि हात, सगळं कोरडं हवं. चुकून गोळा झालाच तर फेकू नका. त्यात थोडं थोडं गरम दूध घालून ढवळा, मुलांना पोळीबरोबर किंवा आइस्क्रीमवर घालायला सॉस मिळेल. वड्यांवर लावायला मात्र ते चालणार नाही.

कोणतं चॉकलेट घ्यावं?

बाजारात दोन प्रकारच्या लाद्या मिळतात. एकीत कोकोचं स्वतःचं लोणी असतं. दुसरीत, जिला कंपाउंड म्हणतात, त्या लोण्याऐवजी पाम किंवा तत्सम वनस्पती तेलापासून केलेलं स्निग्ध असतं. चवीला पहिली सरस. पण ती नुसती वितळवून थंड केली तर चकाकत नाही आणि वर पांढरट डाग येतात. कारण कोकोचं लोणी वेगवेगळ्या प्रकारे गोठतं आणि त्यातला एकच प्रकार कडक नि चकचकीत असतो. तो साधण्यासाठी गडद चॉकलेट 45 अंशांपर्यंत तापवून 27-28 पर्यंत निववायचं आणि पुन्हा 31-32 वर आणायचं असतं. जे स्वयंपाकघर स्वतःच 33-34 अंशांवर आहे, तिथे हे कसं साधणार? थंडीत किंवा पहाटे जरूर करून पाहा.

होळीसाठी मात्र कंपाउंडच सोयीचं. ते लवकर गोठतं आणि उन्हात जरा जास्त टिकाव धरतं. घेताना वेष्टनावरचा मजकूर वाचा. अन्नातल्या तेल-तुपात ट्रान्स फॅटचं प्रमाण 2 टक्क्यांहून जास्त नसावं, असा नियम आपल्याकडे 2022 पासून आहे. म्हणून नाव-पत्ता नसलेली सुटी, स्वस्त लादी घेऊ नका. आपण खवा टाळून घरी करायला निघालो ते ताटात काय आहे हे कळावं म्हणूनच ना?

दाणे निवडणं हे पहिलं काम

या वड्यांत सगळ्यांत महत्त्वाचा दाणाच. ओल लागलेल्या दाण्यांवर एक प्रकारची बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यात शेंगदाण्याची पेंड होती. त्या शोधातून या विषाचा पत्ता लागला. ते यकृताला घातक असतं आणि दाणे भाजल्याने पूर्ण नाहीसं होत नाही. म्हणून 'भाजलं की सगळं मरतं' या समजुतीवर राहू नका. सुरकुतलेले, काळपट, हिरवट, किडके किंवा कुबट वासाचे दाणे कच्चे असतानाच काढून टाका. भाजून सोलल्यावर पुन्हा एकदा ताटात पसरून पाहा. कूट केल्यावर काहीच ओळखता येत नाही. चवीला कडू लागलेला दाणा गिळू नये, थुंकून टाकावा.

दाण्याचं लोणी

साहित्य: 250 ग्रॅम निवडलेले शेंगदाणे, पाव चमचा मीठ, लागलंच तर 1 मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल.

कृती: जाड बुडाच्या कढईत दाणे मंद आचेवर 10-12 मिनिटं सतत हलवत भाजा. साल सुटू लागली आणि आतला दाणा बदामी झाला की उतरवा. चोळून साल पाखडा. दाणे कोमट असतानाच मिक्सरच्या कोरड्या भांड्यात घाला. आधी कूट होईल, मग त्याचा गोळा भांड्याला चिकटेल. बऱ्याच जणी इथेच थांबतात किंवा पाणी घालतात. पाणी अजिबात घालू नका. कडा खाली ओढून घ्या, मिक्सरला दोन मिनिटं विश्रांती द्या आणि पुन्हा फिरवा. दाण्यातलं तेल सुटलं की मिश्रण आपोआप सैल आणि गुळगुळीत होतं. फारच कोरडं वाटलं तरच तेल घाला. शेवटी मीठ घालून एकदा फिरवा. मीठ वगळू नका. त्याच्यामुळेच दाण्याची चव चॉकलेटखाली दबत नाही.

चॉकलेटच्या दाणेवड्या (सुमारे 30)

साहित्य: 200 ग्रॅम दाण्याचं लोणी, 120 ग्रॅम पिठीसाखर, 40 ग्रॅम दुधाची पावडर, 250 ग्रॅम गडद कंपाउंड चॉकलेट.

कृती: लोणी पूर्ण गार होऊ द्या. त्यात चाळलेली पिठीसाखर आणि दुधाची पावडर घालून पुरणाच्या गोळ्याइतकं घट्ट मळा. तेल सुटलं तर आणखी एक चमचा पावडर घाला. लिंबाहून लहान गोळ्या करून त्यांना अंड्याचा, पेढ्याचा किंवा शंकरपाळ्याचा आकार द्या. ताटात बटर पेपर पसरून त्यावर मांडा आणि फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा.

चॉकलेटचे बारीक तुकडे करा. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा. त्यावर चॉकलेटचं कोरडं भांडं असं ठेवा की बूड पाण्याला टेकणार नाही. झाकण ठेवू नका, त्याच्यावरची वाफ आत गळते. पाचएक मिनिटांनी ढवळलं की चॉकलेट सारखं पातळ होईल. भांडं उतरवून त्याचं बूड लगेच पुसा.

आता एकेक वडी काट्यावर घेऊन चॉकलेटमध्ये बुडवा, काटा भांड्याच्या काठावर आपटून जादा चॉकलेट गाळा आणि वडी बटर पेपरवर सरकवा. थंड वडीवर चॉकलेट पटकन धरतं, म्हणून वड्या चारचार करूनच बाहेर काढा. वरून भाजलेले तीळ भुरभुरायचे तर ते लगेच, नंतर चिकटत नाहीत. 10 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की वडी तयार.

यात आतला दाण्याचा गोळा जास्त आणि चॉकलेट कमी, हे तुमच्या लक्षात आलं असेल. याचा फायदा उन्हातही होतो. वरचा थर जरा मऊ पडला तरी आतला गोळा आकार सोडत नाही.

तिलवाऱ्याचं नाव राखणारी वडी

वरच्या कृतीत 250 ऐवजी 200 ग्रॅम दाणे घ्या आणि 50 ग्रॅम पॉलिश न केलेले तीळ. तीळ वेगळे, अगदी मंद आचेवर भाजा. तडतडायला लागले की उतरवा, जास्त भाजले तर कडवट होतात. दाणे अर्धवट बारीक झाले की तीळ घाला. बाकी कृती तीच. चिमूटभर वेलची किंवा जायफळ घातलं की ही वडी अगदी आपली वाटते.

रंगीत हवी असेल तर

पांढरं कंपाउंड चॉकलेट घेऊन होळीचे रंग देता येतात. पण स्वयंपाकघरातले नेहमीचे पातळ खाद्यरंग पाण्यातले असतात, ते घातले की चॉकलेटचा गोळा होतो. चॉकलेटसाठीचे तेलात मिसळणारे खाद्यरंग वेगळे मिळतात, तेच वापरा. पांढरं चॉकलेट लवकर करपतं, म्हणून पाणी कमी गरम ठेवा. आणि गुलालाची पुडी स्वयंपाकघरात येऊच देऊ नका. तो अंगाला लावायचा रंग आहे, खायचा नव्हे. मुलांना हे आधीच सांगा.

देताना आणि ठेवताना

वड्या फ्रिजमधून काढल्या काढल्या डबा उघडू नका. बाहेरच्या गरम हवेतलं बाष्प थंड चॉकलेटवर जमतं आणि वर साखरेचे पांढरे ठिपके येतात. बंद डबा अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा. उग्र वासाच्या भाज्यांजवळ डबा ठेवू नका, चॉकलेट वास ओढून घेतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये या वड्या तीन आठवडे चांगल्या राहतात. धुळवडीच्या दिवशी प्रत्येक वडी कागदाच्या छोट्या द्रोणात ठेवा, म्हणजे रंगाचे हात वडीला लागणार नाहीत.

एक गोष्ट मात्र विसरू नका. काही मुलांना शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं ही त्याची लक्षणं, आणि श्वास लागला तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा लागतो. शेजारच्या मुलाला वडी देण्याआधी त्याच्या आईला एका वाक्यात विचारा, 'याला दाणे चालतात ना?' डबा कुणाच्या घरी पाठवत असाल तर वर चिठ्ठी लावा: 'यात शेंगदाणे, तीळ आणि दूध आहे.' लहानग्यांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांना वडीही छोटे तुकडे करून, खाली बसवून द्यावी. पळतापळता नको.

वड्या छान जमल्या की ओळखीची माणसं विकत मागू लागतात, हाही अनेकींचा अनुभव. तसं करायचं ठरवलंत तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, अगदी घरगुती व्यवसायालाही. ती करून घ्या आणि डब्यावर घटक व तारीख लिहा. दुकानातल्या मालाकडून आपण ज्याची अपेक्षा करतो, ते आपल्या मालातही असायला हवं.

या कामात मुलांना जरूर घ्या. दाणे निवडणं, साल पाखडणं, वड्या वळणं ही त्यांची कामं, गॅस आणि गरम पाणी तुमचं. निवडलेल्या प्रत्येक खराब दाण्यामागे कारण सांगा. पुढच्या वर्षी तीच मुलं दाण्यांचं ताट पुढे ओढून बसतील. होळीच्या आदल्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, हा बेत उरकता येतो.