रेंज आहे, मग नेट का चालत नाही?

भामरागड, एटापल्ली किंवा चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात रेशन दुकानासमोरची रांग थांबली, की कारण धान्यच असेल असे नाही. अंगठा लावून झालेला असतो, ई-पॉस यंत्रावरचे चक्र मात्र फिरतच राहते. मोबाइलवर रेंजच्या दोन-तीन काड्या दिसतात. मग मागणी होते, टॉवरची पॉवर वाढवा.

एवढ्याने का भागत नाही, याचे गणित क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ मध्येच मांडले. बिनचूक माहिती किती वेगाने पाठवता येईल याला कमाल मर्यादा असते. ती ठरते स्पेक्ट्रमच्या पट्ट्याच्या रुंदीवर आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरकस आहे त्यावर. पट्टा ५ मेगाहर्ट्झचा आणि सिग्नल गोंगाटाच्या १५ पट असेल, तर एका अँटेनाची मर्यादा सेकंदाला २० मेगाबिट. सिग्नल ३१ पट केला, म्हणजे पॉवर दुपटीहून जास्त वाढवली, तरी ती २५ वरच जाते. शिवाय हा वेग एकट्याचा नसतो. त्या क्षणी त्या टॉवरवर नेट वापरणाऱ्या सगळ्यांत तो वाटला जातो.

जंगलात सिग्नल वाटेतच विरतो. मध्ये डोंगर, साग, बांबू. पानांतले पाणी लहरी शोषते. गावात पोहोचेपर्यंत सिग्नल गोंगाटाएवढाच उरला, तर त्याच पट्ट्यातून जेमतेम ५ मेगाबिट निघतात. इथे पॉवर वाढवण्याचा फायदा होतो, पण एकाच दिशेने. काड्या सांगतात, टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो ते. फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोहोचतो का, हे त्या सांगत नाहीत. फोनची प्रक्षेपणशक्ती फार तर ०.२ वॅटच्या आसपास असते, आणि अंगठ्याचा ठसा जातो तो यंत्राकडून टॉवरकडे! म्हणून अशा भागात ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सी महत्त्वाच्या. त्या झाडीतून लांब जातात.

त्यापुढेही एक अडसर आहे. टॉवरला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट उपग्रहाची आणि २ मेगाबिटचीच असेल, तर हवेतले २० मेगाबिट काय कामाचे? फायबर नसलेला टॉवर म्हणजे अरुंद नळावर बसवलेली मोठी टाकी.

नक्षलग्रस्त भागातील २,३४३ टू-जी टॉवर फोर-जी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यात महाराष्ट्रही आहे. निर्णय योग्यच, पण किती टॉवर उभे राहिले आणि किती गावे ‘कव्हर’ झाली, एवढ्या मोजणीतून गावाला मिळणारी क्षमता कळत नाही. प्रत्येक टॉवरमागची जोडणी किती मेगाबिटची आणि रेशन दुकानातून टॉवरकडे जाणारा वेग किती, हे दोन आकडे तालुकावार जाहीर व्हायला हवेत. जिथे ते अपुरे आहेत, तिथे अंगठा अडला तरी नोंदवहीत सही घेऊन त्याच दिवशी धान्य देण्याची मुभा दुकानदाराला असली पाहिजे.