मद्य न पिणाऱ्याचे यकृत

यकृत बिघडले म्हटले की आमच्या खेडोपाडी लोकांच्या मनात प्रथम दारूचा संशय येतो. जिने जन्मात मद्याचा थेंब चाखला नाही, अशा माउलीच्या तपासणीत ‘फॅटी लिव्हर’ निघाले, तर घरची मंडळी ती गोष्ट शेजाऱ्यांपासून लपवितात. हा समज किती अन्यायाचा आहे, हे प्रयोगशाळेतील उंदरांनी दाखवून दिले आहे.

यकृत म्हणजे खाटकाकडील कलेजी, हे सर्वांस ठाऊक आहे. ते शरीराचे कोठारही आहे आणि चूलही. जेवणातील साखरेचा सुमारे १०० ग्रॅम साठा ते जवळ ठेविते व उपाशी वेळी रक्तात सोडते. कोठार भरल्यावर येणाऱ्या जादा साखरेची ते चरबी बनविते. त्याच्या पेशींतील तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग अन्न जाळून शक्ती निर्माण करतात. उंदरांना कित्येक आठवडे अति स्निग्ध व गोड आहार दिला असता यकृतात चरबी साचते. आरंभी तंतुकणिका अधिक राबून हा भार उरकू पाहतात. पुढे त्या थकतात. चुलीत सरपण कोंबले की जाळ कमी आणि धूर फार, तसेच येथे घडते: शक्ती कमी निर्माण होते आणि घातक द्रव्ये पेशींनाच इजा करतात. त्या उंदरांना मद्य कोणी पाजले नव्हते!

पुण्यातील एक प्रयोग तर आपण विशेष ध्यानात घ्यावा. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. उंदरांच्या ५० पिढ्या अर्धपोटी वाढविल्या. पुढील २ पिढ्यांस पोटभर साधे अन्न दिले. तरीही लठ्ठपणा व मधुमेह यांकडील त्यांचा कल गेला नाही. हे दोन्ही विकार यकृतावरील चरबीचे सख्खे सोबती होत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. परंतु निपाणीच्या तंबाखूत राबून ज्यांच्या आजापणजांनी अर्ध्या भाकरीवर दिवस काढले, त्यांच्या नातवंडांच्या ताटात आता बेळगावचा कुंदा, तळण व बाटलीतील गोड पेये रोज येऊ लागली, तर हा इशारा त्यांनी ऐकावा.

भारत सरकारने २०२१ साली या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. उपायही घरचाच आहे. स्थूल रुग्णाचे वजन शेकडा ७ ते १० ने उतरले, तर पुष्कळांच्या यकृताची सूजही उतरते. यावरून मद्यपींनी मात्र स्वतःस निर्दोष समजू नये. थकलेल्या यकृतावर मद्य हा दुसरा घाव आहे.

सणाचे गोडधोड सणालाच असावे, पाहुण्यास फार आग्रह करू नये, रोज तासभर तरी अंग हलवावे. आणि घरात कोणास हा विकार निघाला, तर त्याच्या चारित्र्याची नव्हे, घरातील साखरेच्या डब्याची चौकशी करावी.