नाणं वाजवून घ्या!

पूर्वी बाजारात रुपया हातात पडला की बायका तो दगडावर आपटून बघायच्या. खणखणीत वाजला तर कनवटीला, बद्द वाजला तर परत. आता जी 'नाणी' विकली जातात त्यांना ना धातू, ना आवाज. मग ती वाजवून घ्यायची कशी?

हल्ली भिशीत, हळदीकुंकवात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोन्याच्या भावाबरोबर क्रिप्टोचा विषय निघतोच. कुणी क्लास घेतं, कुणी म्हणतं, "अगं, नुसतं शिकून तर बघ!" शिकायला माझी मुळीच हरकत नाही. उलट आपण बायकांनी हा विषय शिकलाच पाहिजे. पण शिकण्याची फी आणि गुंतवणूक एकाच पावतीवर यायला लागली की माझे कान टवकारतात. का, ते सांगते.

आधी ब्लॉकचेन म्हणजे काय ते बघू. आपल्या बचत गटाची वही एकीकडेच असते. तिनं खाडाखोड केली तर? समजा, प्रत्येकीकडे त्या वहीची हुबेहूब प्रत आहे आणि नवी नोंद सगळ्यांच्या वहीत एकदमच होते. शिवाय प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा एक ठसा उमटलेला आहे. मागचा एक आकडा बदलला की पुढच्या सगळ्या पानांचे ठसे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. ही झाली ब्लॉकचेन. 'सातोशी नाकामोतो' या टोपणनावानं २००८ मध्ये ही कल्पना बिटकॉइनसाठी मांडली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, हेही त्यात ठरलेलं आहे.

कल्पना हुशारीची आहे, यात शंकाच नाही. पण एक लक्षात घ्या. ही वही नोंद सांभाळते, माणसाचा शब्द नाही. तुम्ही लबाड माणसाला पैसे पाठवलेत, तर "पाठवले" ही नोंद अगदी शंभर टक्के खरी राहील. आणि ती कुणालाच पुसता येणार नाही, तुम्हालासुद्धा!

आता तीन उदाहरणं बघा.

पहिलं वनकॉइनचं. २०१४ मध्ये रुजा इग्नातोवा या बाईनं ते सुरू केलं. जन्म बल्गेरियातला, कायद्यातली डॉक्टरेट, भाषणं फर्डी. गंमत म्हणजे ती नाणी विकतच नव्हती, विकत होती 'शिक्षणाची पॅकेजेस'! शंभर युरोपासून लाखाच्या वरपर्यंत. अभ्यासक्रमाबरोबर टोकन मिळायचे, त्यांची म्हणे नाणी व्हायची आणि आणखी माणसं आणली की कमिशन. नाण्याचा भाव अर्ध्या युरोपासून जवळजवळ तीस युरोपर्यंत चढला, पण तो भाव कंपनीच पडद्यावर लिहीत होती. सगळ्यांना तपासता येईल अशी वहीच नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत वनकॉइनच्या कार्यक्रमावर छापा पडला, १८ जणांना अटक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुजाबाई सोफियाहून अथेन्सच्या विमानात बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. अमेरिकी तपास यंत्रणांच्या मते जगभरातून ४०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली होती. तेव्हा "बाई चालवतेय म्हणजे विश्वासाचं असेल" हेही मनातून काढून टाका.

दुसरं उदाहरण आपल्याकडचं, गेनबिटकॉइन. इथं बिटकॉइन खरे होते, वहीही खरी होती. खोटा होता तो शब्द. दरमहा १० टक्के, १८ महिने! म्हणजे एक द्या आणि दीड वर्षात १.८ घ्या. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी त्यांच्याच दुसऱ्या नाण्यात मिळू लागला. सूत्रधार अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली, २०२२ मध्ये तो वारला. खटल्याचा निकाल काही तेव्हा लागलेला नव्हता. त्याच वर्षी, तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनीच जप्तीतलं चलन वळवल्याचा आरोप झाला आणि त्यांनाही अटक झाली. आता बोला!

तिसरं वझीरएक्सचं. नाणं खरं, दामदुपटीची थापही नाही. पण जुलै २०२४ मध्ये या एक्स्चेंजवर सायबर दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलरचं चलन गेलं आणि ग्राहकांना स्वतःचीच शिल्लक कित्येक महिने काढता येईना. बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. इथं तसा नाही.

"पण सरकार कर घेतं, म्हणजे मान्यता आहेच ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तर, नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पानं नफ्यावर ३० टक्के कर लावला, तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नातून वजा करू दिला नाही. कर लावला म्हणजे हमी दिली असं होत नाही. रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य माणसांसाठी प्रायोगिक स्वरूपात आणलेला ई-रुपया ही वेगळी गोष्ट. तो आपला नेहमीचा रुपयाच, फक्त मोबाइलमधला. त्याच्या पाठीशी रिझर्व्ह बँक आहे. तो वाढत नाही, दामदुप्पट तर होतच नाही. "ई-रुपयात गुंतवा" असं कुणी म्हणालं तर सरळ फोन ठेवा.

आणखी एक गोष्ट मला बोलायचीच आहे. या योजना जाहिरातीपेक्षा नात्यातून पसरतात. नणंद सांगते, भिशीतली मैत्रीण सांगते. आपण आठ जणींना आणतो, चार पैसे कमिशन मिळतं, घरात जरा मानही वाढतो. योजना बुडाली की सूत्रधार परदेशात असतो आणि आठ जणी आपल्या दारात. पैसे एकीचे जातात, संबंध आठ घरांशी तुटतात. शिवाय ज्या पैशांची घरी कुणाला कल्पना नव्हती ते गेले, तर तक्रार करायचीही चोरी! फसवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

म्हणून पैसे घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही नोंद कंपनीबाहेरच्या कुणाला तपासता येते का? परतावा ठरलेला आहे का? असेल तर तिथंच थांबा, कारण बिटकॉइनचा भाव रोज वर-खाली होत असताना दरमहा ठरावीक रक्कम कुठून येणार? आणि माझा पैसा माणसं आणल्यावर वाढतो का? तसं असेल तर ते ना शिक्षण, ना चलन. ती नुसती साखळी आहे.

शंका आली तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार करा. ऑनलाइन पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. आणि मैत्रिणींनो, क्रिप्टो जरूर शिका. फक्त शिकवणारा शिकवून झाल्यावर पाकीट उघडायला सांगतोय का, तेवढं बघा.