संगीत खुर्ची आणि सीताफळ

2023 पासून राज्य सरकारनं 10 सप्टेंबर हा शाळांमधला आजी-आजोबा दिवस ठरवलाय. उत्तम. माझं भांडण आहे ते संगीत खुर्चीशी.

नातवाच्या शाळेनं यंदा आम्हा म्हाताऱ्यांना गोल उभं करून गाणं लावलं. माझे गुडघे केव्हाच संपावर गेलेत. गाणं थांबल्यावर मी वाकायला लागलो. टेकेपर्यंत पुढचं गाणं सुरू. आमच्या घरच्या सरकार मात्र शेवटच्या तिघांत पोचल्या, एका निवृत्त फौजदाराला कोपरानं सारून. मग भाषण : आजी-आजोबांनी मुलांना वेळ द्यावा. आता वेळ सोडून आमच्याकडं दुसरं आहे तरी काय?

रविवारी आम्ही दोघं नातवाला घेऊन गावाकडं गेलो, धारूरच्या डोंगरात. सीताफळांना नुकती कुठं सुरुवात झालीय. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे पोरानं मोबाइलवर वाचून दाखवलं आणि झाडावरचं सगळ्यात मोठं फळ तोडलं.

"कच्चंय ते. डोळं कुठं उघडल्यात त्याचं?" शेजारच्या बांधावरची चौथीतली पोर म्हणाली. तिनं फांदी वाकवून दाखवलं. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावून पांढरट-पिवळ्या दिसल्या की फळ तोडायचं, घरी गवतात घालून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत बोट लावलं तरी दबतं.

हे तिला आजीनं शिकवलेलं. दसरा झाला की तिचे आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर जाणार. उचल घेऊन झालीय. मुकादमाची टोळी गुढीपाडव्याच्या आसपास परतेल, तोवर घरात या दोघीच. आमच्या जिल्ह्यात गावोगाव अर्धं वर्ष असंच चालतं. शाळांची हंगामी वसतिगृहं आहेत, पण आजी म्हणते, माझ्याजवळच राहू द्या.

शेळ्यांमागं उभ्या आजीला मी विचारलं, "शाळेत गेला होतात का, आजी दिवसाला?"

"बलिवलं व्हतं की. पन शेळ्या कुनी बघायच्या?"

सरकारांचा मात्र तिच्याशी वेगळाच विषय रंगला होता. सीताफळाच्या बिया वाटून केसांना लावल्या की उवा मरतात, फक्त डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, आग आग होते. कुणाच्या पोराच्या डोळ्यात गेलं, तो किती दिवस ओरडत होता, सगळं झालं. तेवढ्यात आमच्या नातवानं डोकं खाजवलं. दोन्ही आज्यांनी एकदमच त्याचं मुंडकं धरून उन्हाकडं वळवलं.